कुडाचं घर मोजताना: डहाणूच्या एका पाड्यावरच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

आज पहिला दिवस. विरारहून सकाळची डहाणू लोकल, पुढे शेअर जीप, शेवटचे दोन किलोमीटर चालत. पाड्याचं नाव इथे लिहीत नाहीये, लोकांना विचारलं नाहीये अजून. काम असं की वारली लोकांची जुनी कुडाची (काठ्या बांधून वर माती लिंपलेल्या भिंतींची) पाच घरं मोजून त्यांचे प्लॅन, सेक्शन (घर उभं कापून) आणि एलेव्हेशन (भिंत समोरून) काढायचे आणि सोबत घरात कोण कुठे वावरतं, बायकांचं काय, पुरुषांचं काय, हेही टिपायचं. दोघंच आहोत, मी आणि कॉलेजातला एक मित्र. त्याला पुढे पार्टनर म्हणेन.

पोचलो तर ओट्यावर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, एक मला एक पार्टनरला, आणि घरातले काका, त्यांचा भाऊ, शेजारचे दोघं असे सगळे खाली उकिडवे बसलेले. बाया आत. मी बाई असून मला खुर्ची मिळाली याचा मला आधी जरा आनंदच झाला आणि संध्याकाळी लोकलमधे बसल्यावर कळलं की त्या खुर्चीमुळे मी दिवसभर पुरुषांशीच बोलत बसले. खुर्चीवर बसलेल्या बाईला ते 'मॅडम' म्हणतात, म्हणजे हिशोबात मी साहेबच.

मापं झाली. बाहेरून ३० फूट बाय २४ फूट. पुढे ओटा, उजवीकडे बैलांची जागा घराच्याच छपराखाली, मागे चूल. छप्पर मंगलोरी कौलाचं, आधी गवत होतं म्हणाले. भिंती कारवीच्या, म्हणजे जंगलातल्या एका झुडपाच्या दांड्यांच्या. टेप धरायला पार्टनर, लिहायला मी. भात झोडून झालंय, अंगणात पेंढ्याचे भारे, सगळीकडे तूस उडतंय, शिंका थांबत नाहीत.

१० नोव्हेंबर

घरी बसून ड्रॉईंग केलं. लेबलं टाकली: ओटा (पुरुष), मधली खोली, चूल (बायका), गोठा, देव. तासाभरात झालं आणि फार छान दिसत होतं. इतकं छान दिसतंय म्हणजे काहीतरी गडबड असणार असं वाटलं होतं तेव्हाच, पण झोपले.

माझं आजोळ देवगडकडचं. तिथे ओटीवर आजोबा आणि त्यांच्याकडे आलेली माणसं, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागचं दार बायकांचं आणि बाजूला एक बारकी अंधारी खोली, ती बाळंतिणीची. ओटीवरून माजघरातलं काही दिसू नये अशीच दारं. ते घर माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की दुसरं कुठलंही घर मी त्याच्यावरच ठेवून बघते. हे लिहून ठेवतेय कारण पुढच्या वेळी हाच घोटाळा निस्तरायचाय असं वाटतंय.

२४ नोव्हेंबर

मधले पंधरा दिवस निवडणुकीत गेले, २० तारखेला मतदान होतं, त्याआधी पाड्यावर कुणाला आमच्यासाठी वेळ नव्हता आणि बरोबरच आहे.

घोटाळा होताच. मी ड्रॉईंगची प्रिंट घेऊन गेले होते, काकांना दाखवली, त्यांनी मान डोलावली. मग आतून आजी आल्या (काकांची आई, सत्तरीच्या असतील) त्यांनी कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, "या येवढ्या खोल्या कोनाच्या?" मी म्हटलं तुमच्याच घराच्या. "आमच्या घरात खोली हायच कुठं?"

आणि खरंच. आज खुर्चीवर न बसता आत गेले, तर घर म्हणजे एकच मोठी जागा. मधे जे मी भिंत म्हणून जाड रेघेत काढलंय तो जेमतेम छातीएवढा कूड, वर सगळं मोकळं, आढ्यापर्यंत धूर फिरतो. चुलीपाशी बसलं की ओट्यावर कोण आलं दिसतं, ओट्यावरून बोललं की चुलीपाशी ऐकू येतं. दुपारी जेवणं झाल्यावर त्याच ओट्यावर बाया पाय पसरून बसल्या होत्या, आजी तंबाखू मळत होत्या, ताडी आली तर सगळ्यांनी घेतली. 'ओटा (पुरुष)' हे लेबल मी आजोळाहून आणलं होतं. पाहुणा आला की बाया उठून आत जातात, तेही पाहुणा साहेबासारखा असला तरच. म्हणजे माझ्यामुळेच त्या आत गेल्या होत्या. मोजणाऱ्यानेच मोजायची गोष्ट हलवली, आता काय बोलायचं.

प्लॅनमधली सगळी कंसातली लेबलं खोडली. पार्टनर म्हणाला मग आपल्या विषयाचं काय उरलं. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही.

७ डिसेंबर

आज बांधकामावर. काकांनी सगळं नीट सांगितलं, कामाचा माणूस आहे.

आधी मेढी रोवतात, म्हणजे वर बेचकं असलेले खांब, सागाचे किंवा ऐनाचे, बेचक्यात आढं बसतं, त्यावरून वासे उतरतात. पूर्ण वजन या सांगाड्यावर. भिंतीवर छपराचा काहीच भार नाही, कूड नुसता मेढींच्या मधे उभा असतो, कारवीचे दांडे एकाला एक लावून आडव्या बांबूच्या कामट्यांना बांधलेले. त्यामुळे भिंत काढा, हलवा, परत लावा, घर तसंच उभं राहतं. कारवीला सात-आठ वर्षांनी फूल येतं आणि मग ती मरते, वाळलेले दांडे सरळ आणि चिवट. बोरिवलीच्या नॅशनल पार्कातली २०१६ ला फुललेली कारवी परत यंदा २०२४ ला फुलली, मी बघायला गेले होते सप्टेंबरात, हजारो लोकांनी फोटो काढले, मीही काढले, पण हे भिंतीचं सामान आहे असं कुणाच्या मनात आलं नसेल. काका म्हणाले आता जंगलातून दांडे आणायचे म्हटलं तरी गार्डाकडे बघावं लागतं.

हे सगळं सांगून झाल्यावर मी वहीत फॉर्मप्रमाणे प्रश्न विचारला: घर कोणी बांधलं? काका म्हणाले, मी, माझा बा आणि भाऊबंद. आणि लिंपलं कोणी? तर ओट्याच्या कडेला भात पाखडत बसलेली मोठी वहिनी म्हणाली, "आमी. पन ते काय बांधनं हाय?"

ती हे चेष्टेत नाही म्हणाली, खरंच तिला तसं वाटत होतं. मी मग हिशोब मांडला तिच्यासोबत बसून. माती आणायची दीड किलोमीटरवरून, डोक्यावर, किती पाट्या ते तिलाही सांगता येईना. ती भिजवायची, शेण, तूस घालून पायाने तुडवायची, मग कुडाच्या दोन्ही बाजूंना हाताने थापायची, सुकली की भेगा पडतात, मग पातळ शेणाचा हात, मग गेरू. दरवर्षी पावसाळ्यानंतर परत. लग्न असेल तर आणखी एकदा. पुरुषांनी एकदा उभं केलेलं घर पंचवीस वर्षं टिकलं असं आपण म्हणतो, पण कूड लिंपला नाही तर दोन पावसाळ्यांत वारा आत येईल, वाळवी दांडे खाईल. म्हणजे हे घर दर वर्षी बांधलं जातंय आणि ते बायका बांधतायत, फक्त त्या कामाला सारवणं म्हणतात.

मेढ रोवताना बाई हात लावत नाही, छपरावर चढत नाही, खालून गवत आणि कौलं मात्र तीच देते. का विचारलं तर "तसंच हाय". ठीक आहे.

पार्टनरला जेवताना म्हटलं, आपल्या विषयाचं उत्तर हे असणार, बाई-पुरुषाचा फरक या घरात खोल्यांमधे नाहीये, कामात आहे आणि महिन्यांमधे आहे, प्लॅनमधे तो दिसणारच नाही कारण प्लॅन म्हणजे चार फुटांवर घर आडवं कापून वरून बघणं, आणि बायकांचं सगळं काम भिंतीच्या अंगावर, उभं. एलेव्हेशन जास्त काढायला पाहिजेत. तो म्हणाला हे बोलायला सोपंय, एलेव्हेशनला तिप्पट वेळ लागतो. लागतोच.

८ डिसेंबर

आज नुसत्या भिंती. एक गंमत सापडली. मागच्या भिंतीवर गेरूचा रंग एका उंचीपर्यंत गडद आहे आणि त्याच्यावर एकदम फिका, नुसतं जुनं शेण. रेघ सरळ नाही, हलक्या कमानींची, एकीला लागून दुसरी. बराच वेळ कळेना. मग वहिनीला भिंतीपाशी उभं केलं आणि हात वर करायला सांगितला. तिच्या हाताच्या पोचेपर्यंतच रंग, एका जागी उभं राहून हात फिरवला की एक कमान, मग सरकून दुसरी. ओट्याच्या भिंतीवर मात्र वरपर्यंत रंग आहे, तिथे पाटावर चढून केलंय कारण ते लोक बघतात.

प्रत्येक कमानीचा मध्य आणि उंची मोजून घेतली. पार्टनर कंटाळला.

४ जानेवारी २०२५

थंडी बऱ्यापैकी. चुलीपाशी बसूनच सगळं काम.

आत चुलीच्या बाजूला दोन कणगे आहेत, बांबूचे, शेणाने लिंपलेले, मोठ्यात खायचं भात, छोट्यात बियाणं. बियाण्याच्या कणग्याला आजींशिवाय कुणी हात लावत नाही, काकासुद्धा मागून घेतात. धान्याची देवी कणसरी, ती कणग्यात असते, नवं भात तिला दाखवल्याशिवाय खायचं नाही. म्हणजे कागदावर सातबारा काकांच्या नावावर, पण कुणाला किती आणि कधी हे आजींच्या हातात. वर माळ्यावर काकड्या, बियांच्या गाठोड्या, मासे पकडायची मळई, सगळं धुराने काळं. धूर जायला खिडकी का नाही असं मी विचारलं (पाच मिनिटांत माझे डोळे गळायला लागतात), तर धूर गेला तर बियांना कीड लागंल, कौलाखालचे वासे पोखरतील. खरंय, पण तो धूर कुणाच्या छातीत जातो हेही लिहायला पाहिजे. आजींना खोकला आहे, दर वाक्याला.

उखळ जमिनीतच रुतवलेलं आहे, मुसळ भिंतीला टेकून. आता भात गिरणीतून सडून येतं, उखळ नाचणीला, मिरचीला आणि लग्नाच्या विधीला. ते काढून टाकलं नाही.

धरणीकंपाची गोष्ट निघाली. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत धुंदलवाडीच्या आसपास हादरे चालू झाले, महिनोन् महिने, लोक थंडीत बाहेर झोपायचे. वहिनी म्हणाली शेजारच्या विटांच्या घराला चीर गेली, आमच्या कुडाचं नुसतं लिंपण गळलं, आतला कूड हलला आणि परत जागेवर. बरोबर आहे, हलकी लवचिक भिंत, भार मेढींवर, सांधे बांधलेले, खिळलेले नाहीत. इंजिनियर हे पुस्तकात शिकतात. मग मी विचारलं, गळलेलं लिंपण? "मग काय, परत. त्या वर्षी चार वेळा."

परत ते 'मग काय'.

१९ जानेवारी

फिल्डवर गेले नाही. गडचिरोलीत भामरागडकडे काम करणाऱ्या मैत्रिणीशी फोनवर दोन तास. तिच्याकडे माडिया गोंडांमधे पाळीच्या दिवसांत बायका वेगळ्या झोपडीत राहतात, कुर्मा घर, गावाच्या किंवा अंगणाच्या कडेला. ती म्हणाली तुझ्याकडे बाईपण भिंतीच्या अंगावर असेल, माझ्याकडे वेगळी इमारतच आहे, आणि गावातली सगळ्यात वाईट बांधलेली, कारण पुरुष तिला हात लावत नाहीत, बायकांनी जमेल तसं छप्पर टाकायचं. म्हणजे माझं ते 'खोल्यांत नाही, कामात आहे' वगैरे डहाणूपुरतंच. सगळ्या आदिवासी घरांचं एकच काहीतरी म्हणून लिहायचं नाही, स्वतःला ताकीद.

१५ फेब्रुवारी

मधल्या वहिनीचं घरकुल मंजूर होऊन उभं राहतंय, जुन्या घराच्या पंधरा फुटांवर. आज ते मोजलं.

प्रधानमंत्री आवास योजनेत किमान २५ चौरस मीटर, शबरी घरकुलातही २६९ चौरस फूट, म्हणजे तेवढंच. सपाटीला १ लाख २० हजार रुपये, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार, वर रोजगार हमीचे दिवस आणि संडासाचे १२ हजार. जुनं घर ७२० चौरस फूट, पण त्यात बैल, कणगे, माळा, सगळं आलं. घरकुलात बैल नाहीत, माळा नाही कारण वर स्लॅब, आणि चुलीसाठी कोपऱ्यात कडाप्पाचा ओटा. या 'ओटा' शब्दाची कमाल बघा, जुन्या घरात ओटा म्हणजे पुढे माणसं बसतात ती जागा, नव्या घरात किचनचा ओटा. एकच शब्द पुढच्या दारातून मागच्या कोपऱ्यात गेला.

घरकुल नियमाप्रमाणे शक्यतो बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या. इथे मधल्या वहिनीच्या नावावर आहे. पाड्यावर आधी कुठल्याच बाईच्या नावावर घर म्हणून कागद नव्हता, आता दारावरच्या पाटीवर तिचं नाव रंगवलंय आणि ती ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते, मलाही दोनदा दाखवलं. मी सिमेंटवर नाक मुरडायला तयारच होते (आर्किटेक्ट लोकांना मातीचं घर फार आवडतं, राहायचं नसतं ना), पण तिला विचारलं काय आवडलं यात, तर म्हणाली, "लिंपावं लागत नाय." तेवढंच. दरवर्षीच्या त्या मातीच्या पाट्या गेल्या. याच्यापुढे माझं कारवीप्रेम काय टिकणार.

मग म्हणाली, बांधताना तिला एकदाही काही विचारायला लागलं नाही. ठेकेदार, गवंडी, सेंट्रिंगवाला, नवरा. माती असती तर तिच्याशिवाय भिंत झालीच नसती, विटेला ती लागत नाही, ती फक्त पाणी मारते. नाव तिचं आलं आणि हात निघाला. तिला यात तक्रार करण्यासारखं काही वाटत नव्हतं, मलाच ते लागलं.

एक अडचण मात्र त्यांनाच जाणवलीय. धाकट्या दिराचं लग्न मार्चमधे. चौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढायचं विधीचं चित्र, तो कुठे काढायचा?

२२ मार्च

लग्नघर. आम्हाला बोलावणं होतं. आज टेप पिशवीतून काढायचा नाही असं ठरवून गेले.

नव्या घरात चौक काढून बघितला होता म्हणे आठवड्यापूर्वी, आतल्या भिंतीला चुना लावलेला होता त्याच्यावर गेरू फासला, दुसऱ्या दिवशी पापुद्रे. शेवटी आजींनी सांगितलं जुन्या घरातच, कुडावर. जुनं घर पाडायचं म्हणून काकांचं चाललं होतं, कौलं विकून थोडे पैसे आले असते, ते आता लांबलं.

सकाळी बाया जमल्या, पाच सवासिनी. भिंत कालच शेणाने सारवलेली, गेरूचा हात ओला. तांदूळ रात्री भिजवलेले, ते वाटून पातळ पीठ, वाडग्यात. बांबूची काडी पुढून चावून कुंचला. बाहेरची चौकट काढायची तर दोघींनी दोरा पिठात बुडवून ताणून धरला आणि भिंतीवर टेकवला, एकदम सरळ रेघ, लेव्हल-बिव्हल काही नाही. मग चौकटीत चौकट, साखळ्या, त्रिकोण, असं कितीतरी पदर, आणि सगळ्यात आत पालघट, लग्नाची देवी. कोपऱ्यांत सूर्य, चंद्र, फणी, शिडी. बाजूला छोटा देवचौक, त्यात घोड्यावर पंचशिऱ्या, पाच डोक्यांचा देव. हा चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. भगत येतो तो पुरुष, त्याच्या अंगात येतं, पण लग्न लावते ती धवलेरी, बाई, आणि तिची गाणी सगळा दिवस चालतात, अर्धं मला कळत नव्हतं.

मी पुढे होऊन म्हटलं मी पण एक रेघ काढू का. सगळ्या हसल्या. मोठी वहिनी म्हणाली, "तुझं लगीन कुठं झालंय बाय?" म्हणजे नोव्हेंबरात खुर्चीवर बसवलेली मी इथे कुणीच नाही. मला मोबाईलचा टॉर्च धरायचं काम दिलं, कोपरा अंधारा होता. अडीच तास धरला. हात भरून आला पण त्या भिंतीला इतक्या जवळून मी चार महिन्यांत बघितलं नव्हतं.

आजी नुसत्या बसून सांगत होत्या, इथे फणी राहिली, तिथे साखळी तुटली. मधेच त्यांनी त्यांचं सांगितलं. त्यांचा सासरा लग्नगडी होता, म्हणजे लग्नाला सावकाराकडून कर्ज काढलं आणि ते फेडायला नवरा-बायको दोघंही त्याच्याकडे राबायला, सुटकाच नाही. १९४५ नंतर वारल्यांनी वेठ मोडली ती ह्याच्याचविरुद्ध. पण लग्नाच्या खर्चाची धास्ती घरात राहिली, म्हणून आजी आणि आजोबा तसेच राहायला लागले, विधी नाही, पोरं झाली, आणि मग थोरल्या मुलाच्या लग्नात त्याच मांडवात त्यांचंही लागलं. असं बऱ्याच घरांत झालंय. "तवर मी चौकाला हात नाय लावला. दुसरीच्या बी नाय." म्हणजे तीस वर्षं या घराच्या भिंती त्याच लिंपत होत्या आणि त्याच भिंतीवर हा एक चौकोन काढायचा हक्क नव्हता. बाई म्हणून एकच रकाना करून चालत नाही. लिंपणारी वेगळी, सवासिन वेगळी, विधवा वेगळी, धवलेरी वेगळी, आणि टॉर्च धरणारी.

संध्याकाळी तारपा सुरू झाला, भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य. वाजवणारा पुरुष, त्याला पाठ न दाखवता सगळ्यांनी फिरायचं, बाया-पुरुष एकाच साखळीत. त्यात मला घेतलं. पार्टनर दोनदा पडला.

२३ मार्च

घरी. रात्रभर त्या चौकाचंच डोक्यात.

वारली चित्र म्हणून आपण कप, कुर्ते, सोसायटीच्या कंपाउंडवर जे बघतो ते इथून निघालं. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी इथे कागद घेऊन आले, बायकांचं भिंतीवरचं काम बाहेर दिसायला लागलं, आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ते हातात घेतलं आणि विधीपासून सोडवून मासेमारी, मुंग्या, शेती, गोष्टी असं कुठच्या कुठे नेलं. १९७६ ला राष्ट्रीय पुरस्कार, २०११ ला पद्मश्री, २०१८ ला गेले. २०१४ ला वारली चित्रांना जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. मोठा माणूस, त्याबद्दल दुमत नाही, त्यांच्या रेघेसारखी रेघ मी कुठे बघितली नाही. पण भिंतीवर होतं तोपर्यंत बायकांचं होतं आणि त्याला कुणाची सही नव्हती, कागदावर आल्यावर सही आली आणि सही करणारे हात बरेचसे पुरुषांचे झाले. मी प्रदर्शनात विकत घेतलेली तिन्ही चित्रं पुरुषांची आहेत, आज उठून बघितली.

काल त्या पाचजणींना विचारलं होतं कागदावर काढता का. चौघी नाही म्हणाल्या. एक म्हणाली काढते, नवऱ्याला त्याच्या ऑर्डरीत मदत म्हणून. मदत म्हणून. म्हणजे लिंपण हे बांधणं नाही तसंच हे.

ड्रॉईंगचा सेट बदलायचं ठरवलं. प्लॅन एकच, लहान. पाच एलेव्हेशन, सगळी आतल्या भिंतींची, १:२० ला, म्हणजे विसाव्या हिश्श्याच्या मापात. आणि एक पट्टी बारा महिन्यांची: मेढ, शाकारणी, लिंपण, गेरू, चौक, कणगा, कुठल्या महिन्यात कुणाचा हात. पार्टनर या वेळी काही बोलला नाही, पट्टीचं काम त्यानेच घेतलं.

१७ मे

उन्हाने जीव गेला. या महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात अवकाळी पाऊस झोडून गेला त्यामुळे सगळ्यांची शाकारणीची घाई, पाड्यावर प्रत्येक छपरावर माणूस.

चौक बघायला सरळ आत गेले. अर्धाच होता.

मागची एक मेढ खालून वाळवीने खाल्लेली, पाऊस यायच्या आत बदलली पाहिजे म्हणून काकांनी परवा भिंतीचा तेवढा कूड मोकळा केला, मेढ काढली, नवी रोवली, कूड परत बांधला. चौकाची डावी बाजू, सूर्याचा कोपरा आणि फणी, मातीबरोबर खाली. पालघट देवी अर्धी राहिलेली. मी जवळजवळ ओरडलेच, मला एक फोन तरी करायचा ना, मी १:२० चं एलेव्हेशन अजून पुरं केलेलं नाही. काकांना कळेना काय झालं. लग्न झालं की, म्हणाले.

मोठी वहिनी ओल्या मातीची पाटी घेऊन आली आणि उघड्या कुडावर थापायला लागली, मग उरलेल्या चौकावरूनही तोच हात फिरवला, सलग दिसावं म्हणून. मी म्हटलं वहिनी ते तरी ठेवा. ती म्हणाली, "दीर अजून एक हाय लग्नाचा," आणि पाटी पुढे सरकवली. मी बॅग खाली ठेवून बाह्या वर केल्या. लिंपायला सवासिन लागत नाही. माझा हात तिच्यापेक्षा वर पोचतो, वरची कमान मी केली, वाकडी झाली, तिने हसत परत फिरवून घेतली.

माझ्या मार्चच्या फोटोंवरून चौक काढता येईल, टॉर्चच्या उजेडाने फोटोत डावा कोपरा जरा पांढरा पडलाय. ड्रॉईंगवर भिंतीच्या त्या भागाला दोन तारखा टाकायच्या, २२ मार्च आणि १७ मे, आणि दोन्ही अवस्था शेजारी-शेजारी. नव्या मेढीचा व्यास घेतला, ७ इंच, ऐन. गव्हाणीची उंची चौथ्यांदा राहिली, बैल आत होते.